कॅलिपर

अश्विन पगारे नाशिकजवळ सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूमला होता, यंत्रांचे साचे आणि हत्यारं बनवायचा. २००१ साली कंपनीच्या जर्मन भागीदाराने त्याला दोन वर्षांसाठी तिकडे नोकरीवर घेतलं, तेव्हा सगळ्या कॉलनीने पेढे खाल्ले. त्याची बायको दीपमाला मात्र काळजीत होती. त्यांची सृष्टी चार वर्षांची झाली, तरी उभी राहत नव्हती. जन्मल्यावर ती उशिरा रडली होती. पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढायचे.

तिघंही तिकडे गेली. पहिल्याच पगारातली आरोग्यविम्याची कपात बघून अश्विन वैतागला.

"आपण चार दिवसांचे पाहुणे. ह्यांच्या लोकांची दुखणी आपण का सोसायची?"

दोन महिन्यांनी पोस्टाने सृष्टीच्या नावाचं विम्याचं कार्ड आलं. पाठोपाठ विम्यातर्फे केलरबाई नावाच्या फिजिओथेरपिस्ट घरी येऊ लागल्या, आठवड्यातून दोनदा, व्यायाम करून घ्यायला. सृष्टीच्या पायांचे प्लॅस्टरचे ठसे घेऊन पाय सरळ धरणारे कॅलिपर बनले. ते आखूड झाले की नवे मिळत.

"बिल कुठं भरायचं?" अश्विनने मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये विचारलं.

"तुमच्या पगारातून जातं ना, त्यातच आलं सगळं," बाई म्हणाल्या. अश्विनने मान खाली घातली.

दीड वर्षाने सृष्टी वॉकर धरून स्वयंपाकघरापासून दारापर्यंत चालत गेली. ती दचकून पडेल म्हणून दीपमालाने साधी टाळीही वाजवली नाही.

"अजून वर्ष-दोन वर्षं नेटाने केलं, तर वॉकर सुटेल," केलरबाई म्हणाल्या.

पण २००३ मध्ये अश्विनचा विभागच बंद झाला. कराराची मुदत वाढली नाही. तो तिथल्या सरकारी कचेरीत गेला. टेबलापलीकडची बाई सौम्य होती. तिने त्याला बसायला सांगितलं, दोनदा फाईल चाळली.

"तुमचा राहण्याचा परवाना ह्याच नोकरीवर आहे. नोकरी संपली की परवाना संपतो. विमाही."

"मी माझं नाही, मुलीचं विचारतोय."

"मुलीचा विमा तुमच्यामुळेच आहे," ती म्हणाली.

नाशिकला परतल्यावर अश्विनला जुनी नोकरी मिळाली. सृष्टीला मात्र तसे उपचार जवळपास कुठे मिळेनात. डॉक्टरांनी व्यायाम कागदावर लिहून दिले आणि मुंबईला न्यायला सांगितलं. ते दोनदा गेले. दर आठवड्याला जाणं जमण्यासारखं नव्हतं. पुढच्या जूनपर्यंत कॅलिपर आखूड झाले.

मग जेवणाच्या सुट्टीत अश्विनने स्वतःच नवे करायला घेतले. ॲल्युमिनियमचा पत्रा वाकवला, कडा घासून गुळगुळीत केल्या. दीपमालाने आतून लोकरीचा मऊ नमदा शिवला. कॅलिपर पायात घट्ट बसले. सृष्टी उभी राहिली, तेव्हा त्याने तिला उचलून दोन गिरक्या घेतल्या.

दोन आठवड्यांनी आंघोळ घालताना दीपमालाला तिच्या घोट्यापाशी जखम दिसली. आत पू झाला होता.

"एवढं दुखत होतं, तर बोलली का नाहीस?"

"पप्पांनी केलेत ना," सृष्टी म्हणाली.

हे ऐकल्यावर अश्विनने कॅलिपर पुन्हा मोजून पाहिले. मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत माप चुकू न देणारा माणूस, पण पाय रोज थोडा वळतो, सुजतो, वाढतो, ते त्याच्या मापात कुठून येणार?

जखम भरायला दीड महिना लागला. तोवर व्यायाम बंद. स्नायू पुन्हा आखडले, आणि त्यानंतर सृष्टी कधी उभी राहिली नाही. केलरबाईंना पत्र लिहिलं, तर त्यांनी व्यायामाची चित्रं काढून पाठवली. खाली लिहिलं होतं, ‘चित्रं पुरी पडणार नाहीत, हे मला ठाऊक आहे.’

सृष्टी आठ वर्षांची झाली. कडेवर घेऊन शाळेत नेताना दीपमालाची कंबर धरू लागली, तेव्हा अश्विनने सायकलची चाकं लावून एक खुर्ची बनवली. ती छान जमली होती.

दीपमाला खुर्चीकडे बघेना. "ही घरात आली म्हणजे आपण सोडून दिलं, असंच ना?"

खुर्ची उंबऱ्याला अडत होती. अश्विन छिन्नी-हातोडा घेऊन खाली बसला आणि उंबरा फोडू लागला. सृष्टी खुर्चीत बसून बघत होती. वाट मोकळी होताच तिने दोन्ही हातांनी चाकं ढकलली आणि ती एकटीच बाहेरच्या ओट्यावर गेली. दीपमाला आत भिंतीकडे तोंड करून उभी होती.