म्हाळसाबाईचा पहारा

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. येरमाळ्याजवळ मेंढरं राखणाऱ्या बिराप्पाच्या यकृतात गळू झालं. आई म्हाळसाबाईनं त्याला एसटीत आडवा घालून तालुक्याच्या दवाखान्यात आणलं. डॉक्टर गोपाळकृष्णांनी पोटाला छेद देऊन तांब्याभर पू काढला, नळी ठेवली, टाके घातले.

ऑपरेशन झकास झालं. काळजी पुढचीच होती. त्या महिन्यात दोघांच्या चांगल्या भरत आलेल्या जखमा दवाखान्यातच चिघळल्या होत्या, त्यातला एक गेलाही. नर्स वनमाला, तुळजापूरच्या मास्तरांची लेक, रोज बघत होती: डॉक्टर एकाची पट्टी सोडायचे आणि तेच हात घेऊन पुढच्या खाटेकडे वळायचे. तिनं धीर करून त्यांना मधे हात धुवायला सांगितलं.

"वीस वर्षं जखमा बांधतोय मी!" डॉक्टर म्हणाले नि निघून गेले.

म्हाळसाबाईनं हे ऐकलं. "पोरी, खरं हाय व्हय?"

"खरं आहे, मावशी. साबणानं हात धुतल्याशिवाय जखमेला कुणीही शिवू नये."

"कुणीबी?"

"कुणीही."

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर आले, तर खाटेपुढं बादली, लाल साबण आणि आडवी काठी धरून म्हाळसाबाई.

"बाजूला व्हा बाई."

"आधी हात धुवा."

"अहो, मी डॉक्टर आहे!"

"म्हणून तर म्हणते. म्या एकाच पोराला शिवते, तुमी समद्यांना शिवता."

डॉक्टर लालबुंद झाले, मग बादलीकडे वाकले.

"नखं राहिली," म्हाळसाबाई म्हणाली.

कोपऱ्यातल्या खाटेवरून फिस्सकन हसू फुटलं आणि सगळा वॉर्ड खदखदला. बिराप्पा पोट दाबून ओरडला, "आये, हसवू नगं, टाका तुटंल!" मिशीला फेस लागलेले डॉक्टरही हसत सुटले.

त्या दिवसापासून प्रत्येक खाटेपाशी बादली आली. चौथ्या दिवशी जिल्ह्याहून साहेब तपासणीला आले, सोबत पाच माणसं. म्हाळसाबाईनं सहाही जणांना रांगेत उभं केलं. नुसतं रजिस्टर धरणाऱ्या कारकुनानं भीतीपोटी दोनदा हात धुतले. साहेबांनी शाळेतल्या पोरासारखे तळवे पुढं केले. तिनं उलटेपालटे करून बघितले नि मान डोलावली.

त्यानंतर एकही जखम चिघळली नाही. बाराव्या दिवशी बिराप्पाचा ताप पार उतरला. तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "आये, भाकर."

म्हाळसाबाई तशीच अंगणात धावली, कनवटीचा भंडारा मुठीनं आभाळात उधळला. अंगणातून येणाऱ्या डॉक्टरांचा पांढरा कोट पिवळाधमक झाला. ते काही बोलणार, तोवर म्हाळसाबाईनं त्यांचा हात धरून फेर धरलाच. ढोल नव्हता, खिडकीतून रोगी जेवणाच्या पितळ्या वाजवत होते. डॉक्टरांचं पाऊल एकदाही तालावर पडेना, आणि वनमाला पायरीवर बसून हसता हसता रडत होती.