खिळ्याची रेघ

“आबा, रेघ चुकलीया.”

झुंबरनं फळीवरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि खात्री करून घ्यायला पुन्हा एकदा फिरवलं. वर्गातल्या करवती एकेक करून थांबल्या. झुंबर दोन्ही डोळ्यांनी आंधळा; लहानपणी देवी आल्या त्यात डोळे गेले. आणि गेणूआबा चाळीस वर्षं सुतारकी केलेले, या वर्गाचे मेस्त्री. आंधळा मेस्त्रीची चूक काढतोय म्हटल्यावर करवत कोण ओढत बसेल?

“कुठं चुकली?” आबांनी विचारलं.

“डाव्या अंगाला गव्हाभर खाली उतरलीया. हात लावून बघा की.”

आबांनी हात लावला. गव्हाभर कसली, चांगली दोन गहू उतरली होती.

“तुझी परीक्षा घेत हुतो,” आबा म्हणाले. सगळे हसले. झुंबर तेवढा हसला नाही.

ही खिळ्याची रेघ मुळात झुंबरसाठीच निघाली होती. दीड वर्षापूर्वी, म्हणजे छत्तीस सालच्या दसऱ्याच्या सुमाराला, तो काठी टेकत वर्गात आला तेव्हा शिसपेन्सिलीची रेघ त्याच्या काय कामाची? आबांनी खिळा घेऊन फळीवर ओरखडा काढला आणि त्याचं बोट धरून त्यावरून फिरवलं. “ही रेघ. हिच्या भाईर पटाशी गेली तर तुझी न् माझी गाठ हाय.” पुढं कधीतरी आबा सगळ्यांच्याच फळ्यांवर खिळा ओढायला लागले. पेन्सिल कानावर असायची, पण ती नुसती शोभेला. असं का, हे कुणी विचारलं नाही. मेस्त्रीच्या तऱ्हा असतात, म्हणून सोडून दिलं.

खरं कारण आबांनाच ठाऊक होतं. त्यांच्या डोळ्यांपुढं सतत भुस्सा उडाल्यासारखं दिसे, आणि तो भुस्सा काही केल्या खाली बसत नव्हता. डॉक्टरांना एकदा दाखवलं होतं. “मोतीबिंदू असता तर काढला असता. ही आतली शीर सुकलीय,” एवढं ऐकून ते परत आले आणि द्वारकाबाईला, म्हणजे बायकोला, थकवा आहे असं सांगितलं. ते अगदीच खोटं नव्हतं. थकवाही होताच.

आबा पिंपळीचे. गावाला कालव्याचं पाणी आलं, ऊस आला आणि उसाच्या मागोमाग लोखंडी नांगर आला. त्यानंतर आबांच्या दारात नांगर-कुळव घेऊन येणारी माणसं कमी होत गेली, सुगीचं बलुतंही आटलं. तेव्हा बारामतीच्या मोहनराव वकिलांनी हा हुन्नरवर्ग काढला. कऱ्हा नदीच्या कडेला कापसाचं एक बंद पडलेलं गोदाम घेतलं आणि जाहीर केलं की कुणीही यावं. बाई असो, पुरुष असो, कुठल्याही जातीचा, धडधाकट असो की अधू. मेस्त्री म्हणून आबांना बोलावलं. भाऊबंदांनी नाक मुरडलं. “वाडवडलांची विद्या गावजेवण घातल्यागत वाटत सुटलाय,” म्हणाले. आबांनी मनावर घेतलं नाही. घरी बसून रिकाम्या दाराकडं बघण्यापेक्षा हे बरं होतं.

सुरुवातीचे दिवस मात्र नाकी नऊ आणणारे गेले. धार लावायचा दगड एकच आणि त्यावर मारायच्या पाण्याचं डबडंही एकच. झुंबर मांगवाड्यातला. त्यानं डबड्यात हात घातला की काटेवाडीचे दोघे भाऊ पटाशी तशीच घेऊन माघारी फिरत. आबांनी उपदेश वगैरे केला नाही. “बोथट पटाशीनं बसा मग,” म्हणाले आणि आपल्या कामाला लागले. तिसऱ्या दिवशी बोथट पटाशी घसरून धाकट्याचा तळहात फाटला. चौथ्या दिवशी दोघेही मुकाट दगडापाशी आले, झुंबरच्या मागं नंबर लावून.

ती चुकलेली रेघ निघाली त्याच दिवशी मोहनराव हातात कागद नाचवत आले.

“मेस्त्री, सोमवारी पुण्याहून साहेब येताहेत, आपल्या वर्गाला पैसा देणाऱ्या मंडळाचे. वर्ग तपासतील. तुमच्या हातचा एक सांधा समोर करवून बघतील. पसंत पडला की तुम्ही कायमचे मेस्त्री! मग काय, हात थकेपर्यंत इथंच.”

“बरं,” आबा म्हणाले.

संध्याकाळी सगळे गेले, पण झुंबर गेला नाही. रंगूबाईही भुस्सा गोळा करत रेंगाळली. रंगूबाई चाळिशीची विधवा, भावाच्या आश्रयाला असलेली. पोळपाट-लाटणी करून चार घास स्वतःचे खावेत म्हणून ती इथं येत होती. बाईनं रंधा धरायचा म्हणजे काय, अशी भावजयीची रोज कुरकुर चाले.

“आबा, तुमाला दिसत न्हाय,” झुंबर म्हणाला.

“काय बरळतो?”

“पटाशी पैल्यागत वाजत न्हाय तुमची. येक ठोका पडतो, मग थांबता. बोटानं चाचपता, मग दुसरा ठोका. मी बी तसंच करतो. म्हून वळखलं.”

आबा पाटावर बसले. रागवायला हवं होतं, पण इतके दिवस लपवलेलं ओझं कुणीतरी परस्पर खाली उतरवलं होतं, आणि आता रागवायलाही अंगात त्राण नव्हतं.

“सोमवारी समदं कळंल,” ते म्हणाले. “सायेब पेन्सिलनं रेघ मारणार. मला ती न्हाय दिसायची. मग म्या जायचं कुठं, रंगूबाई? पिंपळीत माझ्या दारात आता कुत्रं बी येत न्हाय.”

रंगूबाईनं सुपातला भुस्सा पोत्यात ओतला. “फळी सायबाच्या हातनं तुमच्या हातात कोन देनार? मी देते. मुठीत खिळा धरते. त्येंच्या रेघंवरनं निस्ता वढायचा, येवढंच की.”

आबा नको म्हणाले नाहीत. नको म्हणायला हवं होतं, हे त्यांना तेव्हाच कळत होतं.

सोमवारी साहेब आले. माणूस वाईट नव्हता. सगळ्यांची कामं उचलून बघितली, झुंबरनं केलेला पाट उलटासुलटा करून “वा!” म्हणाले. मग सागाची एक फळी घेऊन त्यावर काटकोन बघायचा गुण्या लावला, बारीक पेन्सिलीनं खाचेच्या रेघा मारल्या आणि फळी पुढं केली. रंगूबाईनं ती घेतली, पाठमोरी झाली, पदरानं पुसल्यासारखं केलं आणि आबांच्या हाती दिली.

आबांनी नख फिरवलं. रेघ होती. सरळ, खोल, जशी असायला हवी तशी. त्यांनी पटाशी टेकवली आणि ठोका मारला. मग दुसरा, तिसरा; मधे थांबणं नाही, चाचपणं नाही. झुंबर मान कलती करून ऐकत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरत चाललं होतं. सांधा बसला तेव्हा फटीतून केसही गेला नसता.

“उत्तम!” साहेब म्हणाले. मग त्यांनी फळी उजेडाला धरली. “हा ओरखडा कसला? माझी रेघ तर पेन्सिलीची होती. चांगला साग, आणि खरवडून ठेवलाय. कुणी केलं हे?”

साहेबांचं लक्ष रंगूबाईच्या मुठीकडं गेलं. मूठ उघडायला लावली. खिळा होता.

“मोहनराव, मी आधीच म्हणत होतो. बायकांना हत्यारांपाशी आणलं की असा खेळखंडोबा व्हायचा. कामाचा माल बिघडवणारं माणूस वर्गात ठेवून चालणार नाही. उद्यापासून ही बाई नको.”

रंगूबाईनं मान खाली घातली. आबांना समोर नुसत्या आकृत्या दिसत होत्या; त्यांतली एक आकृती वाकून आपली पिशवी उचलू लागली, एवढं मात्र त्यांना दिसलं.

“सायेब,” आबा म्हणाले, “ती रेघ माझ्यासाठी हाय. मला दिसत न्हाय. तुमची पेन्सिल मला दिसली न्हाय, तुमी बी नीट दिसत न्हाय. बाईनं माल बिघडवला न्हाय. तिला ऱ्हाऊ द्या.”

मोहनरावांच्या हातातला कागद खाली आला. साहेबांनी फळी पुन्हा एकदा बघितली, सांधा बोटानं दाबून बघितला आणि हळूच बाकावर ठेवली. रंगूबाई राहिली. आबांचं जाणं मात्र ठरून गेलं. मोहनरावांना वाईट वाटलं, त्यांनी दहादा तसं सांगितलंही. पण धारेच्या हत्यारांमध्ये न दिसणारा मेस्त्री कसा ठेवायचा?

आठवड्यानं इंदापूरचे दत्तोबा मेस्त्री आले. तिशीतला तरतरीत माणूस, पेन्सिल कानावर. आबांच्या चौरंगावर बसून त्यांनी हजेरीची वही उघडली, तेवढ्यात दारात काठी वाजली. पिंपळीहून कालव्याच्या कडेनं, रोजच्या वाटेनं, आबा आले होते. सकाळ झाली की पाय निघायचे, आणि निघालेल्या पायांना न्यायला दुसरी जागाच नव्हती.

“कोण पाहिजे, बाबा?” नव्या मेस्त्रीनं विचारलं.

“कोन न्हाय. वर्ग समद्यांसाठी हाय म्हनं. आंधळ्यांना बी घेत्यात.”

झुंबर सतरंजीवर सरकला आणि शेजारची जागा हातानं झाडली. आबा गुडघ्यांवर हात टेकत खाली बसले. इतक्या खाली ते या गोदामात कधी बसले नव्हते. बसताना कंबर करकरली.

“नाव?”

“गेणू रामजी सुतार. पिंपळी.”

दत्तोबांनी नाव लिहून घेतलं, झुंबरच्या खाली. त्यांना माहीत होतं की नव्हतं कोण जाणे. मग फळ्यांवर भराभर रेघा मारत ते पुढं गेले.

रंगूबाई उठली. कनवटीचा खिळा काढून तिनं आधी झुंबरच्या फळीवर ओढला, मग आबांच्या. आबांनी नख फिरवलं, डावीकडून उजवीकडं, शेवटपर्यंत.

“बराबर हाय,” ते म्हणाले आणि पटाशीसाठी हात पुढं केला.