मुठीतला आजार

फर्निचरच्या दुकानावरच्या त्या हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. जिन्यावर चपलांचा खच, खिडक्यांच्या कठड्यांवर माणसं, आणि सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडत होते, कारण उपाशीपोटी यायची सक्त ताकीद होती. समोर पांढऱ्या सोफ्यावर आकडेमहाराज बसले होते. खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. रक्तातल्या साखरेचा आकडा डोळ्यांदेखत उतरवतात, म्हणून लोकांनीच त्यांना हे नाव बहाल केलेलं.

माझे बाबा पहिल्या रांगेत होते. बाबा बस चालवतात, आणि इतकी अलगद की उभ्या माणसाच्या हातातला चहासुद्धा सांडत नाही. साखरेने त्यांचा पिच्छा पुरवलाय त्याला बरीच वर्षं झाली. गोळ्यांना ते कंटाळले होते आणि डॉक्टरीणबाईंच्या ओरड्याला त्याहून जास्त. आई बाबांसाठी आली होती आणि मी आईसाठी.

शिष्याने प्रत्येकाच्या तळहातावर एक टपोरं द्राक्ष ठेवलं.

"मूठ आवळा," महाराज म्हणाले. "तुमचा आजार आता तुमच्या मुठीत आहे. त्याने तुमच्यावर दया केली का? मग तुम्हीही करू नका. चिरडा त्याला."

सगळ्या हॉलने आपापला आजार चिरडला. मनगटांवरून रस ओघळला. मग शिष्य त्याच हाताच्या बोटाला सुई टोचायचा, थेंब पट्टीवर घ्यायचा आणि यंत्रावरचा आकडा माइकवर पुकारायचा, जणू लिलावच चाललाय. बाबांचा आला चारशे साठ.

त्यानंतर कोमट 'चैतन्यजलात' हात स्वच्छ धुवायचे, टॉवेलने कोरडे करायचे आणि डोळे मिटून बसायचं. महाराज दुरूनच एक फुंकर मारायचे. परत सुई. दोनशे चाळीस.

टाळ्यांचा कडकडाट झाला. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. उपाशीपोटी दोनशे चाळीस हा घाबरण्यासारखा आकडा आहे, हे त्या गर्दीत एकालाही सुचलं नाही. किती उतरला ते सगळ्यांनी पाहिलं. कुठे थांबला ते कुणी पाहिलंच नाही. गोळ्याच आकड्याला वर धरून ठेवतात, असं महाराजांनी सांगितलं, आणि बाबांनी घरी येऊन गोळ्यांची पाकिटं कचऱ्यात टाकली. आईने ती उचलून ठेवली. बाबांनी पुन्हा टाकली.

पुढच्या एका खेपेला मी म्हटलं, माझंही बघा की. मी शाळेच्या धावण्याच्या संघात आहे, नुकतीच सगळ्यांची तपासणी झालेली, माझ्या रक्तात नाव ठेवायला जागा नव्हती. द्राक्ष चिरडलं, बोट पुढे केलं. तीनशे दहा. आईने माझा दंड घट्ट धरला. महाराजांनी डोळे अर्धे मिटून निदान केलं की बापाचा दोष लेकीत उतरलाय, आणत जा तिलाही. हात धुतल्यावर माझा आकडा नव्वदवर आला आणि हॉल दुमदुमला.

इतक्या पटकन पळून जाणारी साखर माझ्या माहितीत नव्हती. मधल्या वेळात घडलं काय होतं? एक फुंकर आणि हात धुणं. फुंकर काही घरी आणता येत नाही, पण नळ होता.

घरी बाबांचं साखर मोजायचं यंत्र काढलं. साबणाने हात धुऊन, पुसून टोचलं: ब्याण्णव. द्राक्ष चिरडून तसंच टोचलं: तीनशेच्या पुढे. पुन्हा धुतलं, पुन्हा नव्वदच्या आसपास. यंत्र बिचारं खोटं बोलतच नव्हतं. थेंबात सापडेल तेवढी साखर मोजायची, एवढंच त्याचं काम. ती रक्तातली की बोटावरच्या रसातली, हे त्याला कसं कळावं? मी स्वयंपाकघरात गिरकी घेतली. प्रयोग इतका फक्कड जमला होता की आता वाद घालायला काही उरलंच नाही, अशी माझी खात्री.

बाबांनी सगळं शांतपणे पाहिलं. "तुझं रक्त कोवळं आहे," ते म्हणाले. "माझ्या रक्ताला तुझा हिशेब लावू नकोस."

"मग तुमच्या बोटावर करू. आत्ता."

"अशा माणसांची परीक्षा घेऊ नये, बाळा." आणि त्यांनी दोन्ही हात खिशात घातले.

पुढच्या वेळी मी हॉलमध्येच उभी राहिले. मागणं एवढंच होतं की पहिल्या सुईच्या आधी सगळ्यांना हात धुऊ द्या. शिष्याने माइक खाली घेतला. महाराज मात्र गोड हसले.

"शंकेने धुतलेल्या हाताला कृपा लागत नाही, मुली."

हॉल हसला. मागून एक मावशी पुटपुटल्या की चार बुकं शिकली की पोरी शेफारतात. मी आणखी बोलणार होते, पण बाबांनी मनगट धरून मला खाली बसवलं. मग स्वतः उठले आणि माझ्यासाठी हात जोडून माफी मागितली. उद्धट प्रवाशाला भर रस्त्यात उतरवणारे माझे बाबा.

पुढे बाबांना बूट चावला. साखर वाढून वाढून पायांची जाणीवच बोथट झाली होती, म्हणून त्यांना कळलं नाही. मोज्यावरचं रक्त आईला दिसलं. जखम भरेना. महाराज म्हणाले, आजार पायातून बाहेर पडतोय, पडू द्या. आईने पाया पडून विनवलं, मी भांडले, अबोला धरला, रडले. बाबा रोज बँडेज बांधून कामावर जात राहिले. डाव्या पायाचा अंगठा काळा पडला आणि ते तापाने फणफणले, तेव्हा आम्ही त्यांना उचलूनच दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी शिरेतून रक्त घेऊन तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी काढली. ही टक्क्यांत मोजतात, सातच्या खाली हवी. गोळ्या चालू असताना बाबांची साडेसात होती. आता अकरा.

"पण तिथे तर दर वेळी उतरायचा," बाबा म्हणाले.

"बाबा, पोलीस दिसला की ब्रेक मारणारे ड्रायव्हर तुम्ही पाहिलेत ना?" मी म्हटलं. "बोटाचा आकडा म्हणजे त्या क्षणाचा वेगाचा काटा. तिथे तर काट्यालाच रस फासलेला. हा दुसरा आकडा तीन महिने गाडी कशी पळाली ते सांगतो. हात धुऊन तो बदलत नाही."

बाबांनी बँडेज बांधलेल्या पायाकडे पाहिलं. "म्हणजे तीन महिने ब्रेकशिवाय," म्हणाले.

माझंच बरोबर होतं. पण दवाखान्याच्या बाकावर त्याचा कवडीइतकाही उपयोग नव्हता. अंगठा कापावा लागणारच होता. पाऊल वाचेल का, हे बाईंनाही सांगता येईना.

म्हणून तुम्हाला कळकळीने सांगते. बोट टोचण्याआधी साबणाने हात धुवा आणि कोरडे करा. आकडा किती उतरला यावर टाळ्या वाजवू नका, तो कुठे असायला हवा ते विचारा. तीन महिन्यांची सरासरी तपासून घ्या. आणि कुणी गोळ्या बंद करा म्हणालं, तर त्याचं खरं नाव तरी आधी विचारा.

बाबांना ऑपरेशनसाठी आत नेताना त्यांनी माझा हात धरला. "क्लच दाबता येईल का गं मला?"

"मला माहीत नाही, बाबा. बाईंना विचारू?"

त्यांनी मान डोलावली. "विचारून घे," म्हणाले, आणि दार बंद झालं.