फुलसिंगाचा शंकरपट

डॉक्टरांनी रबरी हातोडी गुडघ्याखाली हलकेच मारली आणि अडखळत चालणाऱ्या नऊ वर्षांच्या नलूचा पाय असा उडाला की तिलाच हसू फुटलं. मग डॉक्टरांनी तिची चप्पल उचलून पाहिली. टाच शाबूत, अंगठ्यापुढचं चामडं मात्र घासून गेलेलं. त्यांची नजर दाराशी गेली. तिथे तिच्या आजोबांचा, फुलसिंगाचा, जोडा होता. त्याचंही टोकच गेलं होतं.

"बाबा, आता तुम्ही बसा स्टुलावर."

"मले काय झालं? मी तं पटात पडलतो," फुलसिंग म्हणाला.

ही गोष्ट दारव्ह्याकडच्या त्याच्या बंजारा तांड्यात शेंबड्या पोरालाही पाठ होती. तीस वर्षांमागे शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, फुलसिंगाची जोडी पहिली आली, जिंकल्याच्या भरात तो छकड्यावरून फेकला गेला आणि पाय ताठले ते ताठलेच. दर होळीला त्या गोष्टीतले बैल थोडे अधिक पळत. खरं तर जोडी तिसरी आली होती आणि पडलं कोणीच नव्हतं. पाय त्याआधीच अडखळू लागले होते, जसे त्याच्या बापाचे अडखळत.

हातोडी बसली. म्हाताऱ्याचा पाय नातीपेक्षा उंच उडाला. वडील कसे चालायचे, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा फुलसिंगाने भिंतीकडे बघत खरं ते सांगितलं. यवतमाळच्या त्या दवाखान्यात तांड्यातलं कोणी ऐकायला नव्हतं.

डॉक्टरांनी समजावलं, की मेंदूचा हुकूम पायापर्यंत नेणाऱ्या नसा पाठीच्या कण्यात हळूहळू झिजतात. हा आजार क्वचित दिसतो आणि रक्तातून येतो. कोणाला लवकर धरतो, कोणाला उशिरा, कोणाला जाणवतही नाही. औषध नाही, पण जीवालाही भय नाही. रोज पाय ताणायचे, पोरीला चालती ठेवायची. "आणि यात कोणाची चूक नाही," ते म्हणाले.

पण तांड्यात चूक ठरून बसली होती. नलू पोटात असताना सून चंदाबाईने ग्रहणात सुई हाती धरली म्हणून पोरीचे पाय असे, असं फुलसिंगाची बायको सुखीबाई एकदा बोलून गेली आणि लोकांनी राईचा पर्वत केला. जिच्या भरतकामाला तीन तांड्यांतून मागणी, त्या चंदाबाईने सुई पेटीत टाकली ती टाकलीच. उद्या तांड्याच्या प्रमुखापुढे, नायकापुढे, बैठक होती. तिला माहेरी धाडायचं आणि मुलाचं, नेमसिंगाचं, दुसरं लग्न लावायचं असं घाटत होतं.

एसटीत नलूने पटाची गोष्ट मागितली. उद्या सगळ्यांनाच सांगतो, एवढंच तो म्हणाला. फार जिवावर आलं होतं त्याच्या. त्या एका गोष्टीखेरीज त्याच्यापाशी मिरवण्यासारखं होतं तरी काय?

दुसऱ्या दिवशी देवसिंग नायकाच्या ओट्यापुढे तो काठी टेकत उभा राहिला.

"मी पटात पडलो नवतो," तो म्हणाला. "आन् जोडी तिसरी आलती."

कोणी हसलं नाही. त्याने आपला जोडा आणि नलूची चप्पल मधोमध ठेवली.

"पाहा, दोघायचंही टोकच घासलं. माह्या बापाचंबी असंच घासे. हे माह्याच रक्तातलं हाये. नेमसिंगाले वरतून दिसलं नाही, नलूत निंगालं. सुनेच्या सुईले कायले बदनाम करता?"

सुखीबाईने पदर डोळ्यांवर ओढला. नायकाने दोन्ही पायताणं उलटसुलट करून पाहिली, बराच वेळ पाहिली, आणि चंदाबाई कुठे जाणार नाही असं सांगून बैठक उठवली.

त्या होळीला फुलसिंगाकडे कोणी गोष्ट मागितली नाही. त्याला ते लागलं. पोरं दुसऱ्या म्हाताऱ्याभोवती बसलेली त्याने लांबून पाहिली.

धुळवडीच्या सकाळी तो दारात बसला होता. रीतीप्रमाणे सून सासऱ्याशी बोलत नसे. चंदाबाई घुंगट ओढून नलूला म्हणाली, "तुह्या आज्याले म्हन, जोडा इकडे द्या."

नलू जोडा घेऊन गेली. पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. दुपारी जोडा परत आला तेव्हा त्याच्या टोकावर चामड्याचा दुहेरी तुकडा बसला होता, आणि कडेने, काही गरज नसताना, घागऱ्यावर घालतात तशी लाल टीप होती.