थिनरचा फिल्टर

खोटं वाटेल, पण रहाटणीच्या वर्षालीने एका धुरकट सेल्फीने अख्खं कॉलेज येडं केलं होतं. घरात फोन एकच. तो वडिलांबरोबर चाकणच्या कंपनीत जायचा, तिथे आत फोटो काढू नयेत म्हणून गेटवर त्याच्या कॅमेऱ्यांवर स्टिकर लागायचे. एकदा स्टिकरचा डिंक निघेना, म्हणून वडिलांनी तो थिनरने घासला आणि काचा धुरकटल्या.

"पप्पा, ऑनलाइन परीक्षा आलीय. चेहरा ओळखला तरच पेपर उघडतो."

"दिसतंय की गं थोडं!"

त्याच फोनमधून तिने सेल्फी टाकला. लाइक एवढे आले, की कासारवाडीचा टॉवर वाकला म्हणतात!

"कुठला फिल्टर गं?" वर्गातल्या दिपालीने विचारलं.

"थिनर."

झालं! पोरींनी आपापले फोन घासले. पिंपरीच्या बाजारात थिनर मिळेना.

परीक्षेला त्या पोरी भावाचा फोन, नाहीतर बापाचा लॅपटॉप घेऊन बसल्या. वर्षालीने काचेला नाक टेकवलं, तरी स्क्रीनवर एकच उत्तर, 'समोर कोणी नाही.' पेपर उघडलाच नाही, वर्ष गेलं.

संध्याकाळी दिपालीचा मेसेज आला, "अगं येडे, घरातला दुसरा फोन घ्यायचा ना!"