एकाहून कमी तऱ्हा

मी एक जुना कॅल्क्युलेटर आहे. माझं मागचं झाकण चिकटपट्टीनं धरून ठेवलंय आणि बटणांवरचे आकडे झिजलेत. मित्रांनो, माझ्यावर ‘बिघडलेला’ असा शिक्का बसला आणि मी खणात पडलोय. मी बिघडलेलो नाही, हे आधीच सांगून टाकतो.

ताई पदार्थविज्ञान शिकायला लागली तेव्हा बाबांनी मला आणलं. तेव्हा माझा थाट काय विचारता! परीक्षेला जाताना ती पेन विसरायची, पण मला कधी विसरली नाही.

शेवटच्या वर्षी तिनं थंड घनपदार्थाचा प्रकल्प घेतला. घनातल्या कणांमध्ये ऊर्जेची पाकिटं किती तऱ्हांनी वाटता येतील, हे काढायचं होतं. खऱ्या घनात कण अफाट असतात, आणि मी तर सत्तरच्या फॅक्टोरियललाच, म्हणजे एक ते सत्तर आकड्यांच्या गुणाकारालाच, हात टेकतो. म्हणून अंदाजी सूत्र लागतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत प्रकल्पाच्या सरांचं एकच सूत्र चालायचं, फळ्याच्या कोपऱ्यात कायमचं लिहिलेलं. ते तापलेल्या घनाचं होतं. पाकिटं कणांपेक्षा कितीतरी जास्त असली, तरच ते लागू पडायचं. ही अट सर सांगत नसत आणि कोणी विचारतही नसे.

ताईनं आधी शंभर कण आणि दहाच पाकिटं घेऊन पाहिली. मी उत्तर दाखवलं, दहाचा उणे सत्तावन्नावा घात.

“सर, हे एकापेक्षाही कमी येतंय. निदान एक तरी तऱ्हा असणारच ना?” तिनं हळूच विचारलं.

“तुझ्या कॅल्क्युलेटरचा डबा झालाय. ते उणे खोड आणि पुढे चल.”

तिनं खोडलं. याच सरांच्या हाताखाली तिला संशोधन करायचं होतं, मग बोलणार काय?

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकबाईंनी त्या चुकीच्या उत्तरावरच नेमकं बोट ठेवलं. ताईनं सरांकडे पाहिलं.

“हिचा कॅल्क्युलेटर बिघडलेला होता,” सर शांतपणे म्हणाले. “नवा घे म्हणून बजावलंही होतं मी.”

संशोधनाची जागा दुसऱ्याला गेली. सरांचा मला अजून राग येतो.

घरी बाबांनी माझे सेल बदलले आणि दोन-चार बेरजा करून पाहिल्या. “अगं, हा तर ठणठणीत आहे.”

“माहीत आहे, बाबा,” ताई म्हणाली आणि मला आत टाकून तिनं खण लावून घेतला.

मित्रांनो, मला पुसा, जपा, अशी विनवणी मी करणार नाही. माझ्या पडद्यावर वेडंवाकडं उत्तर आलं, तर मला नावं ठेवण्याआधी सूत्राची अट विचारा. ज्यानं सूत्र दिलं त्यालाच विचारा, आणि चारचौघांत, मोठ्यानं विचारा. ताईनं हळूच विचारलं होतं.