सहाच्या आधी दहा

साहेब, आकडे मजकूर म्हणून कोंबा, हा हुकूम तुमचा. आणि चूक निघाली तेव्हा बोट दाखवलंत माझ्याकडे.

मित्रांनो, मी एक जुना रकाना आहे, डेटाबेसमधला. नाव 'तपशील'. कोकणातल्या एका आरोग्य केंद्राच्या कॉम्प्युटरात माझं बिऱ्हाड. माझ्या एकेका घरात एकेका गरोदर बाईचं अख्खं कार्ड जेसन पद्धतीनं ठेवलेलं: वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, सगळं एकाच गाठोड्यात. सुरुवातीला केवढं कौतुक! काहीही टाका, मावतं म्हणायचे. टाकायला सगळे आले. काढायचं कसं, ते कुणी विचारलं नाही.

ज्यांचं हिमोग्लोबिन सर्वांत कमी, अशा दहाजणींना दर शुक्रवारी गाडीनं रत्नागिरीच्या मोठ्या इस्पितळात नेत. ती यादी माझ्यातून निघे. अकरा हवं, तिथे काशीचा आकडा ६.४, सातवा महिना, नवरा मुंबईला. तीन शुक्रवार गाडी तिला न घेताच गेली. मला तोंड कुठे होतं ओरडायला?

शेवटी तिच्या वाडीची आशा सेविका मालन यादी घेऊन आली. कॉम्प्युटर चुकत नाही, असं केंद्राच्या साहेबांनी तिला ऐकवलं. ती तडक ऑपरेटर वैष्णवीकडे गेली.

"बाय, दहा लहान की सहा?"

"सहा, मालनताई."

"मग तुझा हा कॉम्प्युटर आधी बालवाडीत घाल. ह्यात १०.१ वाली पहिली, नि माझी सहावाली काशी दहाजणींत नाहीच."

वैष्णवी हसली नि लगेच यादी तपासायला बसली. मजकुराची तुलना पहिल्या अक्षरापासून होते. एक हा सहाच्या आधी, म्हणून दहा-अकरावाल्या सगळ्या वर चढलेल्या. डेटाबेसला हुकूम द्यायची भाषा एसक्यूएल, तिच्यातलं जेसन व्हॅल्यू हे फंक्शन तिनं माझ्यात धाडलं. गाठोड्यातलं नुसतं हिमोग्लोबिन काढ, आणि दशांश आकडा करूनच बाहेर आण, असं त्याला बजावलं. यादी पुन्हा लागली. काशी पहिली.

गाडी शुक्रवारपर्यंत थांबली नाही, त्याच दुपारी निघाली. काशीला रक्त चढवलं. दोन महिन्यांनी तिचा नवा आकडा माझ्यात आला, ११.२, आणि ती यादीतून बाहेर पडली. पोरगी झाली, दोघी धडधाकट. हायसं वाटणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं.

मित्रांनो, माझ्यात गाठोडी खुशाल ठेवा. पण सोडताना आकड्याला आकडा म्हणून हात लावा.

आणि साहेब, ६.४ मी पहिल्या दिवसापासून जसाच्या तसा जपला होता. मालन आली नसती, तर चौथ्या शुक्रवारी गाडीत कोण बसलं असतं? उत्तर द्या.